पट्टीमावशीचे माप

पट्टीमावशीचा राग घड्याळ लावून यायचा. सकाळी आठच्या सुमाराला होड्या धक्क्याला लागल्या आणि मासळीचे क्रेट वर चढू लागले की तिच्या कपाळावर पहिली आठी पडे. शेवटचा क्रेट भुकटीच्या कारखान्याच्या ट्रकमध्ये जाईपर्यंत त्या आठीच्या चार झालेल्या असत. ट्रक गेला की ती तोंड धुऊन यायची, चहा घ्यायची आणि मग माणसात यायची. बंदरावरच्या कुणाचे तिच्याकडे काम असले तर तो ट्रक जाईपर्यंत थांबायचा. ज्याला हे माहीत नसे त्याला ते पहिल्याच दिवशी कळे.

सत्तरीला टेकलेली, अंगाने किरकोळ आणि आवाजाने भरभक्कम अशी ही बाई जाळी विणायची. बर्फाच्या कारखान्याच्या पाठीमागे पत्र्याची एक लांबट शेड होती. तुळईला ओळीने लोखंडी हुक, हुकांना लोंबणारी अर्धवट जाळी, खाली तीन पायांचे स्टूल आणि स्टुलावर मावशी. उजव्या पायाच्या अंगठ्यात जाळ्याचा काठ ताणून धरलेला, एका हातात दोऱ्याने भरलेली चपटी सुई आणि दुसऱ्या हातात पट्टी. पट्टी म्हणजे कठीण लाकडाचा वीतभर लांबीचा गुळगुळीत तुकडा. दोरा त्या पट्टीभोवती फिरवायचा, वरच्या डोळ्यातून ओढून घ्यायचा आणि अंगठ्याने दाबून गाठ मारायची, की एक डोळा पुरा. जाळ्याच्या भोकाला तिथे सगळे डोळाच म्हणत. पट्टी जेवढी रुंद तेवढा डोळा मोठा. हातात काम नसले की ती पट्टी मावशीच्या कमरेला खोचलेली असायची. त्यावरून पडलेले नाव तिला मनातून आवडायचे, पण तोंडावर कुणी ते घेतले तर भुवया उंचावून बघायची तिची पद्धत होती.

मावशी सबंध जाळे विणत नसे. मोठे जाळे यंत्रावरचे यायचे. ती विणायची त्याच्या टोकाची पिशवी. जाळे मैदानाएवढे का असेना, त्यात शिरलेला मासा शेवटी त्या पिशवीत येऊन थांबतो आणि कुणी परत पाण्यात जायचे, कुणी वर यायचे हे तिथल्या डोळ्यावर ठरते. डोळा मोठा असला तर पिल्ले निसटतात, वाढतात, अंडी घालतात. डोळा बारीक असला तर आजीपासून नातवंडापर्यंत सगळे घर एका खेपेला वर येते. बंदरावरच्या चाळीस होड्यांपैकी निम्म्यांच्या पिशव्या मावशीच्या हातच्या होत्या. माझ्या पिशवीतून पिल्लू वर येत नाही, असे ती सांगायची आणि आजवर कुणी तिला खोडून काढले नव्हते. खोडून काढायची छाती कुणाची होती, हा वेगळा प्रश्न.

बारा वर्षांपूर्वी खाडीपलीकडे तो भुकटीचा कारखाना आला. तोवर बारीक मासळीला कुणी हुंगत नसे, त्यामुळे ती होडीत भरून आणायची हौसही कुणाला नव्हती. कारखान्याला मासा कोणता, केवढा, ताजा की शिळा याचे काही सोयरसुतक नव्हते. तो दळायचा, वाळवायचा, पोत्यात भरायचा आणि ती भुकटी कोंबड्यांना आणि तळ्यात पाळलेल्या कोळंबीला खायला जायची. मग होड्यांनी पिशवीच्या आतून दुसरी पिशवी लावायला सुरुवात केली, मच्छरदाणीसारखी बारीक. तिला अस्तर म्हणत. विणणाऱ्या बाकी तिघांनी निमूटपणे अस्तरे करून दिली. मावशीने दिली नाहीत.

ट्रकवाला बिचारा पगारी माणूस. तो क्रेट मोजत उभा असला की मावशी शेडमधून बाहेर येऊन त्याची हजेरी घ्यायची. एकदा त्याने चुकून विचारले की एवढ्याशा तारल्यांवरून एवढा कसला संताप. मावशीने त्याला उन्हातच उभे केले.

"पाण्यात धुळीसारखं हिरवं काहीतरी असतं," ती म्हणाली. "ते खायला किडे, तुला दिसणारसुद्धा नाहीत इतके. किडे खायला तारली. तारली खायला बांगडा, बांगडा खायला सुरमई. आणि सुरमई खायला कोण, तर तू. तारली तू कोंबडीला घातलीस, तर बांगडा काय खाईल, माझं डोकं?"

ट्रकवाला म्हणाला की तो सुरमई खात नाही, त्याला काटे लागतात. त्यानंतर आठवडाभर तो ट्रकमधून खाली उतरलाच नाही.

मावशीने लग्न केले नव्हते. कुणी विचारले तर ती सांगायची की मला हो म्हणणारा मिळाला असता, पण चार दिवसांत त्याने आपणहून समुद्राची वाट धरली असती. तिचे घर मात्र रिकामे नव्हते. धाकटी बहीण गेली तेव्हा तिचा मुलगा पाच वर्षांचा होता. त्याच्या बापाने दुसऱ्या बंदरावर दुसरा संसार थाटला आणि पोर मावशीच्या शेडमध्ये, जाळ्यांच्या ढिगावर झोपून मोठे झाले. आता तो बेचाळीस वर्षांचा होता, स्वतःच्या होडीचा तांडेल, म्हणजे होडी हाकणारा आणि जाळे कुठे टाकायचे ते ठरवणारा. मावशीच्या हाताखाली वाढलेला माणूस एक तर फार बोलणार किंवा अजिबात बोलणार नाही. हा न बोलणाऱ्यांतला.

मागच्या हंगामात एक दिवस, ट्रक गेल्यावर, तो शेडमध्ये आला आणि स्टुलापाशी उकिडवा बसला. बायकोची पाठदुखी, इंजिनाचा नवा आवाज, धाकटीची परीक्षा असा तो गावभर फिरून आला, तरी मूळ गोष्टीला हात घालेना. मावशी सुई चालवत होती. तो दारातून आत आला तेव्हाच तिला सगळे समजले होते.

"अस्तर हवंय ना," ती म्हणाली. "शर्टाला लाव. थंडीत बरं पडेल."

तो हसला नाही. त्याचे दोन खलाशी दुसऱ्या होडीवर गेले होते, कारण तिथे रोज होडी भरत होती. तिसरा जायच्या बेतात होता. तारली मोठी होते आहे, तोवर जरा दम धरा, असे त्याने त्यांच्या घरच्यांना जाऊन सांगायचे का? यावर मावशीचा आवाज चढला. तिने त्याचे लहानपण काढले, त्याच्या बापाला काढले, कारखानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि हे बघायला आपण जिवंत राहिलो म्हणून स्वतःलाही चार शब्द सुनावले. भाच्याने सगळे ऐकून घेतले, उठला आणि दुसऱ्या दिवशी शहरातून यंत्रावरचे तयार अस्तर घेऊन आला.

तेव्हापासून दोघांचे बोलणे बंद झाले. घर एकच, स्वयंपाकघर एकच, पण निरोप सगळे त्याच्या बायकोमार्फत, म्हणजे सूनबाईमार्फत. मावशींना सांग दिवा बंद करा. त्याला सांग चपला आत घे. महिनाभर हे केल्यावर सूनबाईने दोघांनाही ऐकू जाईल अशा बेताने जाहीर केले की आता मला टपाल खात्यात नोकरी बघा, निदान सायकल तरी मिळेल. दोघांनाही हसू आले, पण दोघांनीही ते एकमेकांना दाखवले नाही.

घरात मिटेना म्हणून मावशीने तो राग सोसायटीच्या सभेत नेला. मच्छीमारांची ही सोसायटी बर्फाचा कारखाना चालवायची आणि धक्क्यावर होडी कुणी लावायची हे ठरवायची. बर्फाशिवाय मासळी दुपार काढत नाही, तेव्हा सोसायटीच्या हातात होड्यांची नाडी होती. सभा बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर, कुरकुरणाऱ्या पंख्याखाली भरायची. मावशी बादली घेऊन वर आली आणि अध्यक्षांच्या टेबलावर, त्यांच्या कागदांवरच, तिने ती उपडी केली. बोटभर लांबीच्या तारल्या सगळीकडे पसरल्या. अध्यक्षांनी चष्मा उचलून बाजूला घेतला.

मग मावशीने एक तारली अंगठ्याने फाडून दाखवली. आत अंडी होती. एवढ्याशा पोटात अंडी. मोठे होऊ देत नाहीत म्हणून बिचाऱ्यांनी लहानपणीच घाई केली आहे, असे तिने सांगितले, आणि ज्याला कुणाला या ढिगात तळहाताएवढी एक तरी तारली सापडेल त्याची जाळी ती जन्मभर फुकट विणेल असेही सांगितले. कुणी शोधायला पुढे आले नाही. मच्छीमाराला शोधायची गरज नसते, त्याला लांबूनच दिसते.

त्या दिवशी सभेची हवा फिरली. बऱ्याच जणांच्या मनात ते होतेच, फक्त बोलायला पहिले कोण यावर अडले होते. ठराव असा मांडला गेला की मावशीच्या पट्टीपेक्षा बारीक डोळ्याची पिशवी किंवा अस्तर ज्या होडीवर असेल तिला सोसायटी बर्फ देणार नाही आणि धक्क्याला लावू देणार नाही. सगळे तांडेल हजर असतील अशा दिवशी, पंधरा दिवसांनी मतदान करायचे ठरले. अध्यक्ष धोरणी माणूस. निम्म्या होड्यांना नुसती अस्तरे काढायची आहेत, पिशव्या मावशीच्याच आहेत, म्हणजे ठराव सहज पार पडेल, हे त्यांनी मनात मांडून ठेवले होते. त्यांनी मावशीकडून पट्टी मागून घेतली आणि सुताराकडून तशा बारा पट्ट्या करून घेतल्या. मावशी दोन दिवस माणसात होती, अगदी ट्रक यायच्या वेळीसुद्धा.

सभेला चार दिवस उरले असताना भाचा दुपारी शेडमध्ये आला. त्याच्या खांद्यावर एक जुनी पिशवी होती, डांबरात उकळलेल्या सुती दोऱ्याची, काळी कुळकुळीत. बर्फाच्या कारखान्याचा माळा साफ करताना ती निघाली होती. बर्फवाल्याच्या बापाने तिच्यात जाळी तरंगत ठेवायची फुटकी बुचे भरून ठेवली होती आणि बर्फवाला ती फेकून देणार होता. भाच्याने तोंडाची दोरी पाहिली आणि ती मागून घेतली. दोरीवर एकाला एक लागून पाच गाठी होत्या. ती मावशीच्या वडिलांची खूण होती. मावशी अजून तीच खूण घालायची.

वडिलांच्या हातचे काम समोर बघून मावशीचा हात आपोआप पुढे गेला. भाचा कित्येक महिन्यांनी तिच्याशी थेट बोलला.

"पट्टी दे," तो म्हणाला.

तिने दिली. त्याने ती जुन्या डोळ्याच्या दोन गाठींमध्ये धरली. पट्टीची एक कड एका गाठीला टेकली. दुसऱ्या गाठीपर्यंत करंगळी सहज मावेल एवढी जागा उरली. त्याने दुसरा डोळा घेतला, तिसरा घेतला, पिशवीच्या मधला घेतला. सगळीकडे तेच.

"तू मला अस्तरावरून बोलतेस, मावशी," तो म्हणाला. "तुझी पिशवी तरी आजोबांच्या पिशवीचं अस्तरच आहे की."

मावशीने हातातली सुई त्याच्या अंगावर फेकली. सुई त्याच्या छातीला लागून खाली पडली. जुनी, कुजकी, उंदरांनी ओढलेली पिशवी आणून तू मला शिकवतोस का, चालता हो, असे ती इतक्या मोठ्याने म्हणाली की बर्फ फोडणारी माणसे काम थांबवून डोकावली. भाचा पिशवी तिथेच टाकून गेला.

तो गेल्यावर तिने वाकून खाली पडलेली सुई उचलली. मग उठली आणि घरी गेली. झिजलेली पट्टी फेकायची तिला सवय नव्हती. एक खिडकीच्या फटीत खोचलेली होती, एक कपाटाच्या पायाखाली होती, एक सूनबाई कपड्यांना नीळ देताना ढवळायला वापरायची. पाच सापडल्या. तिने त्या जमिनीवर एकीशेजारी एक मांडल्या, आणि शेवटी कमरेची ठेवली. प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीहून केसाएवढी, कुठे दोऱ्याएवढी अरुंद होती. पहिली आणि शेवटची शेजारी ठेवली तर आंधळ्यालाही फरक कळला असता.

नवी पट्टी कशी करायची ते वडिलांनी शिकवले होते. जुनी पट्टी नव्या लाकडावर ठेवायची, पेन्सिलने कड मारायची आणि कापायचे. फूटपट्टी लावायची नाही. फूटपट्टीवर विश्वास ठेवायला आपण काय शिंपी आहोत का, असे वडील म्हणायचे. पण पट्टी बदलायची वेळ येते केव्हा, तर दोऱ्याने घासून घासून तिची कड खाल्ली की. म्हणजे प्रत्येक नवी पट्टी झिजलेल्या पट्टीवरून कापली गेली. त्यात मावशीची सफाई अशी की ती नेहमी रेघेच्या आतल्या बाजूने कापायची, कडेला खडबड राहू नये म्हणून. पन्नास वर्षांत दहा-अकरा पट्ट्या झाल्या असतील. तिने कुणाला फसवले नव्हते, आळस केला नव्हता, उलट जीव ओतून काम केले होते. आणि त्या जीव ओतलेल्या कामातून पिल्ले वर येत राहिली होती. तिच्या पिशवीतून वर आलेली तारली तिला पुरती वाढलेली वाटायची, कारण तशीच वर येत होती.

वडील सांगायचे, आमच्या वेळची तारली मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत यायची. त्यांच्या पाठीमागे सगळे हसायचे, म्हाताऱ्याचे हात लहान असतील म्हणायचे. मावशीही हसली होती.

आता रागवायचे कुणावर हे तिला सापडेना. भाच्यावर रागवावे तर तो खरे बोलला होता. वडिलांवर रागवावे तर ते पंचवीस वर्षांपूर्वी गेले. स्वतःवर रागवायची तिला सवय होती, पण ती गमतीची. दुसऱ्या दिवशी सकाळी क्रेट चढले, ट्रक भरला, तरी ती शेडमधून बाहेर आली नाही. तेव्हा ट्रकवालाच खाली उतरून, दारात उभा राहून, तब्येत बरी आहे ना म्हणून विचारून गेला. तिने त्याला पाणी दिले. तो फार घाबरला.

सभेच्या दिवशी हवा बिघडली म्हणून होड्या बंद होत्या. माडी भरली होती. टेबलावर बारा नव्या पट्ट्या गठ्ठा करून ठेवल्या होत्या. मावशी जुनी पिशवी आणि सहा पट्ट्या घेऊन वर आली. बसायला सांगितले तरी ती बसली नाही. तिने पट्ट्या ओळीने मांडल्या आणि जे घडले होते ते, पेन्सिलच्या रेघेसकट, सांगितले. आवाज नेहमीसारखाच चढा होता. फक्त बोट या वेळी समोरच्याकडे नव्हते.

 मग अध्यक्षांनी तिच्यासाठी वाट काढून दिली. इतकी जुनी पिशवी, ओझ्याने ताणली जाऊन सैल पडली असेल, असे ते म्हणाले. माडीवरच्या बऱ्याच माना हलल्या. मावशीला मान हलवायची असती तर तेवढ्यावर भागले असते.

"सुती दोरा डांबरात उकळला की आक्रसतो," ती म्हणाली. "सैल पडत नाही. बाबांचा डोळा याहून मोठा होता."

तिने मागणी केली की ठराव जुन्या पिशवीच्या मापाने व्हावा. आता माडीवर खरा गोंधळ झाला. त्या मापाने बंदरावरची एकही पिशवी बसत नव्हती, मावशीच्या वीस धरून. एकाने विचारले की इतकी वर्षे चुकीच्या डोळ्याची जाळी गळ्यात मारल्यावर नव्या जाळ्यांचे काम मावशीलाच मिळणार का. दोघे-तिघे हसले. मावशीने त्याला सांगितले की तुझी पिशवी मी दात विचकल्याशिवाय विणून देईन, तू फक्त आण.

अध्यक्ष उठून तिच्याजवळ आले आणि हळू आवाजात समजावू लागले. आहे ती पट्टी ठेवू. अस्तरे तरी निघतील. लोक एवढ्याला तयार झाले हेच पुष्कळ, जास्त ताणले तर हेही जाईल. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते आणि मावशीलाही ते कळत होते. म्हणूनच तिचा संताप अनावर झाला.

"म्हणजे माझी चूक तुम्ही कायदा करणार," ती म्हणाली. "आणि खाली माझं नाव."

मतदान दोन वेळा झाले. जुन्या मापाच्या बाजूने सतरा हात वर झाले, विरुद्ध एकवीस. एक तांडेल आजारी होता. भाच्याने कुठल्याच बाजूने हात वर केला नाही, हे मावशीने पाहिले. मग अध्यक्षांनी घाईघाईने मूळचा ठराव, मावशीच्या पट्टीचा, मांडला आणि तो भरघोस मतांनी पार पडला. टाळ्या चालू असतानाच मावशी टेबलापाशी गेली, तिने बारा पट्ट्यांचा गठ्ठा उचलला, आपल्या पिशवीत घातला आणि जिना उतरून निघून गेली. ठराव मावशीच्या पट्टीचा होता, आणि मावशी पट्टी द्यायला तयार नव्हती. अध्यक्ष दोनदा शेडवर येऊन गेले. माप झिजलेले आहे, झिजलेले माप मी कुणाला देत नाही, एवढेच उत्तर त्यांना मिळाले. ठराव कागदावर राहिला आणि अस्तरे होड्यांवर.

बंदरावर निम्मी माणसे म्हणाली की म्हातारीने हटवादीपणाने हातातोंडाशी आलेली गोष्ट घालवली. ते अगदीच चुकीचे नव्हते. मावशीने त्याहून पुढची पायरी गाठली. तिच्याच हातच्या पिशव्या फाटून दुरुस्तीला आल्या, तर ती त्या परत पाठवू लागली. माझ्या हातून बारीक झाले ते पुरे, आता ते शिवायला माझा हात लागणार नाही. लोक दुसऱ्या विणकऱ्यांकडे गेले. शेडमधले हुक एकेक करून रिकामे झाले. बर्फाच्या कारखान्याच्या फिटरकडून तिने जुन्या पिशवीच्या मापाची, त्यात आक्रसलेल्याची तांदळाच्या दाण्याएवढी भर घालून, पोलादी पट्टी कापून आणली. ती जड होती, हाताला गार लागायची, आणि मावशीला ती मुळीच आवडली नव्हती. पण ती झिजणार नव्हती.

दहाव्या दिवशी भाचा आला. त्याच्या काखेत अस्तराचा बोळा होता, कापून काढलेला. तो त्याने कोपऱ्यात टाकला.

"आजोबांच्या मापाची एक पिशवी विण," तो म्हणाला.

मावशीने विचारले की सभेत हात का वर केला नाहीस. त्याने सांगितले की हात वर करणाऱ्या सतरातल्या दहा जणांनी ठराव पडणार हे बघून हात वर केला होता. त्याला खोटा हात वर करायचा नव्हता आणि खऱ्याची तेव्हा तयारी नव्हती. आता आहे. अस्तर काढायचे म्हणताच तिसरा खलाशीही काल गेला, आणि उरलेले चौघे जाण्यातले नाहीत. आणि तिच्यावरचा त्याचा राग अजून गेलेला नाही, हेही त्याने सांगून टाकले.

"माझा कुठे गेलाय," मावशी म्हणाली. "बस. सुया भरून दे."

नऊ दिवस तो रोज दुपारी येऊन सुयांना दोरा भरत बसला. लहानपणी हातात असलेले कसब बोटांनी सोडले नव्हते. दोघे सगळा वेळ भांडत होते. दोरा सैल भरतोस, उजेडात सरक, तुझ्या आजोबांनी तुला उलटा टांगला असता, वगैरे. सूनबाई चहा घेऊन यायची, दोन मिनिटे ऐकायची आणि समाधानाने परत जायची. तिची टपालातली नोकरी सुटली होती.

पिशवी तयार झाल्यावर मावशीने हट्ट धरला की पहिल्या दिवशी ती होडीवर येणार. ती लहानपणी एकदाच समुद्रात गेली होती आणि तेव्हा तिला उलट्या झाल्या होत्या. भाच्याने आठवण दिली. तिने सांगितले की तेव्हा ती सहा वर्षांची होती, आता तिला पोटावर ओरडता येते. मध्यरात्रीनंतर अंधारातच निघाले. चार खलाशी, तांडेल आणि चाकाजवळ बुचाच्या ढिगावर पाय पसरून बसलेली मावशी.

उजाडल्यावर जाळे ओढायला घेतले. दोर कुरकुरत वर येत होता. मग पिशवी पाण्याखाली फुगलेली दिसली, आणि तिच्या चारी बाजूंनी पाणी एकाएकी चमकू लागले. डोळ्यांतून तारल्या निसटत होत्या. झुंडीच्या झुंडी, चांदीच्या चुऱ्यासारख्या, पिशवीच्या अंगातून बाहेर पडून खाली बुडी मारत होत्या. पक्षी किंचाळत खाली आले. मावशी कठड्याला धरून उभी राहिली. पन्नास वर्षे तिने डोळे विणले होते, पण डोळ्यातून मासा बाहेर जाताना तिने कधी पाहिला नव्हता. पिशवी वर आली ती अर्धीही भरली नव्हती. एक खलाशी दुसऱ्याला काहीतरी म्हणाला आणि मावशीने वळून बघताच गप्प झाला.

तेव्हा तिला मागची होडी दिसली. ती बराच वेळ त्यांच्या मागावर असणार. निळी, नवी रंगवलेली, कारखान्याच्या ट्रकमध्ये रोज पहिले क्रेट हिचेच चढायचे. तिच्या तांडेलाने पक्ष्यांचा थवा पाहून तोंड वळवले होते, आणि आता ती जाळे सोडून, नुकती सुटलेली तारली जिथे बुडाली त्याच पाण्यावरून संथपणे ओढत येत होती. तिच्या पिशवीला अस्तर होते. ते सगळ्यांना माहीत होते.

खलाशांनी भाच्याकडे पाहिले. भाच्याने चाकावर हात ठेवला आणि तो समोर बघत राहिला. त्याने याची अटकळ बांधली असावी. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हते.

मावशी मात्र कठड्यावर गुडघा टेकवून उभी राहिली. तिने पोलादी पट्टी हातात घेतली आणि त्या निळ्या होडीच्या दिशेने हात उगारून ती बोलायला लागली. त्या तांडेलाला ती तो रांगत होता तेव्हापासून ओळखत होती, त्यामुळे सामग्री भरपूर होती. वारा उलटा होता. शब्द तोंडातून निघताच मागे फेकले जात होते.

"इथून त्याला ऐकू जाणार नाही, मावशी," भाचा म्हणाला.

"मग होडी जवळ घे," मावशी म्हणाली.

त्याने चाक वळवले.